जुळत-नाहींची मधली फ्रेम

बँकेतल्या कोपऱ्यातल्या टेबलावर त्यांनी उभी हयात एकच काम केलं. चेकवरची सही बँकेतल्या नमुन्याशी ताडून पाहायची आणि पसंत नाही पडली की चेक परत. पसंत पडणं स्वभावातच नव्हतं. हाताला प्लास्टर घातलेल्या माणसाचा चेकही त्यांनी ‘सही जुळत नाही’ म्हणून परत केला होता. स्वतःच्या लग्नाच्या हॉलसाठी सासऱ्यांनी दिलेला चेक फिरत फिरत त्यांच्याच टेबलावर आला, आणि तोही परत गेला. मुलगी द्यायची म्हणून बापाचा हात थरथरला असेल, असं मेहुण्याने सुचवलं. “मग थरथर थांबल्यावर सही करायची,” जावईबापू म्हणाले.

तेव्हापासून सासुरवाडीत त्यांचं नाव ‘जुळत-नाही’ पडलं. बायकोच्या मते ते संसारालाही लागू पडलं.

निवृत्त झाल्यावर माणसं कुंड्यांत झाडं लावतात. यांनी एक बदनाम गाणारा मागे लावून घेतला. तो रॉक गायक एकेकाळी स्टेजवर गिटारी आपटून फोडायचा आणि स्टेजवरून उतरल्यावर बाकीच्या वस्तू. त्याच्या गाण्याशी जुळत-नाहींना काही देणंघेणं नव्हतं. एक गाणं अर्धं ऐकलं होतं, तेही लिफ्ट बंद पडली म्हणून. त्याचे चाहते फाटके टी-शर्ट आणि तुटक्या तारा जपतात हे ऐकून ते नाक मुरडायचे. “चिंध्या गोळा करायला अक्कल लागत नाही,” असं त्यांचं मत होतं.

त्यांना हवे होते सही केलेले कायदेशीर कागद. रेकॉर्ड कंपनीने तोडलेला करार, हॉटेलला दिलेलं नुकसानभरपाईचं हमीपत्र, शेजाऱ्यांना दिलेले माफीनामे, व्यसनमुक्ती केंद्रातलं संमतीपत्र. कुठे एखादा म्हातारा वकील ऑफिस आवरायला काढतोय असं कळलं की हे पिशवी घेऊन हजर.

कारण असं, की त्या गाणाऱ्याचे चेक पूर्वी यांच्याच टेबलावर यायचे आणि दरवेळी सही जुळायची. नुसती जुळायची नाही, छापल्यासारखी जुळायची. ज्याला धड जिना चढता येत नाही अशी ख्याती, त्याची सही मात्र शाळेतल्या हेडबाईंसारखी ताठ. सभ्य, निर्व्यसनी, इस्त्रीचे शर्ट घालणाऱ्या खातेदारांना जे जमलं नाही, ते या उनाडाला जमत होतं. जुळत-नाहींनी जगात मान दिलेला हा एकमेव माणूस.

आता दिवाणखान्याची एक भिंत त्या कागदांनी भरली होती. मधली एक फ्रेम तेवढी रिकामी होती. ती घटस्फोटाच्या करारासाठी. संसार मोडतानाही आपल्या माणसाचा हात डगमगला नाही, हे एकदा भिंतीवर लागलं की झालं.

“कोकलणाऱ्याचा घटस्फोट माझ्या सोफ्यावर लटकवणार?” बायकोने विचारलं.

“तुला त्यातलं कळायचं नाही.”

“ते बरंच आहे म्हणा.”

गायकाची पहिली बायको गावाच्या दुसऱ्या टोकाला मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायची. जुळत-नाहींनी फोन करकरून तिला इतकं पिडलं, की ती शेवटी म्हणाली, “या आणि घेऊन जा एकदाचा.”

ऑफिस म्हणजे एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उगाचच हॉर्न वाजवत बसलेली एक शिकाऊ बाई. गायकाच्या बायकोने खणातून करार काढून पुढे सरकवला. जुळत-नाहींनी खिशातून भिंग काढलं, वाकले, आणि त्यांचा चेहरा चेक परत करतानाचा झाला.

“बाई, ही सही त्यांची नाही.”

“असं?”

“शेवटचा फराटा घसरलाय. मध्ये दोनदा पेन उचललंय. पोराने घाबरत गिरवावी तशी आहे. तुम्हाला फसवलंय कुणीतरी.”

“माझ्यासमोर केली हो त्याने. पेनसुद्धा माझं होतं.”

“तुमची समजूत असेल. मी यातला माणूस आहे.”

तिने त्यांच्याकडे, ब्रेकऐवजी वायपर चालू करणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तसं बघितलं. मग पावतीपुस्तक ओढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, खिडकीतून शिकाऊ बाईला हॉर्न सोडायची खूण करता करता, एक सही केली.

“ही जुळते?”

जुळली. भिंग न लावता जुळली.

“तो शुद्धीवर कधी असायचा सह्या करायला?” ती म्हणाली. “वकील दारात कागद घेऊन उभा आणि हा न्हाणीघरात झोपलेला. टीव्ही यानं फोडायचा, दिलगीर मी व्हायचं. बँकेचा खातं उघडायचा फॉर्मसुद्धा मीच भरला, मीच सही केली.”

“म्हणजे नमुना...”

“माझाच. फक्त या कागदावर दोन्हीकडून मी सह्या करणं जरा जास्तच झालं असतं. म्हटलं, एवढी एक तू कर. रडत बसला होता. नाव कुठून सुरू करू, हे मला विचारत होता.”

“हा गुन्हा आहे, बाई. बँकेच्या लक्षात कसं आलं नाही?”

“काय माहीत. तिथे म्हणे कुणी फार कडक माणूस बसायचा.”

बाहेर शिकाऊ बाईने गाडी मागे घेण्याऐवजी पुढे घेतली आणि कुंडीवर नेली. गायकाची बायको त्यांना तसंच सोडून धावली.

जुळत-नाही कागद घेऊन घरी आले. भिंतीवरचे सगळे माफीनामे, करार, हमीपत्रं एका सुरात, एका बाईच्या ठाम हाताने, त्यांच्याकडे बघत होती. ते स्टूल घेऊन वर चढले. एकदा एक फ्रेम काढायला हात नेला आणि मागे घेतला. मग मधल्या फ्रेममध्ये तो वेडावाकडा कागद बसवला आणि खाली उतरले.

बायको पदर खोचून बाहेर आली. तिने टेबलावरचं भिंग उचललं, लग्नानंतर पहिल्यांदाच. मधली सही पाहिली, शेजारची पाहिली, पुन्हा मधली पाहिली.

“अहो, जुळत नाही.”

जुळत-नाही स्टूल उचलत म्हणाले, “हात थरथरला असेल.”

 बायकोने भिंग त्यांच्या शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हणाली, “उद्या हेच माझ्या भावाला फोन करून सांगा. मी नंबर लावून देते.”