विकरला काना नाही

गुरुजी गेले त्याला पाच आठवडे झाले. बेळगावच्या दवाखान्यातून त्यांनी पाठवलेली शेवटची चिठ्ठी जीपवाल्याने माझ्याच हातात ठेवली होती. आमच्या गल्लीत अजून फोन आलेला नाही, आणि वहिनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, कन्नड शाळेत शिकलेल्या. मराठी फडाफडा बोलतात, वाचता येत नाही. त्यामुळे गुरुजी घरी नसले की त्यांचं मराठी वाचायचं काम शेजारी म्हणून माझ्याकडे...

अशीच एक चिठ्ठी सहा वर्षांपूर्वी आली होती. काविळीसाठी गुरुजी बेळगावला दाखल झाले होते. आमच्या जोयड्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारा हा माणूस ‘एन्झाइम’ म्हणेल तर शपथ! त्याला ते विकर म्हणायचे. त्यांनी लिहिलं होतं, ‘रक्तात विकर वाढलेत, काळजी नको.’ मी घाईघाईत वाचलं, ‘विकार वाढलेत.’ पुढच्या ‘काळजी नको’वर मग कोण विश्वास ठेवणार? वहिनींनी दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी पिवळेधमक गुरुजी स्वतःच बसमधून उतरले आणि ओसरीवरच माझी हजेरी घेतली. “काना कुठून आणलास रे? बदल घडवतो तो विकर.” कन्नड पुस्तकात त्यालाच किण्व म्हणतात, किण्व म्हणजे मुळात दारूचं आंबवण, आणि परदेशी शब्दाचा अर्थही ‘आंबवणात असलेलं’ असाच, हे सगळं त्यांनी पिशवी खाली न ठेवताच सांगितलं. वहिनींनी डोळे पुसत विचारलं, “म्हंजे आंबोळीच्या पिठात असतंय, ते?”

“व्हय, त्यातलंच.”

तेव्हापासून वहिनींना त्या शब्दाचा धीर वाटू लागला. रक्त तपासून आलं की ‘विकरच न्हवं?’ एवढंच त्या विचारायच्या.

शेवटच्या चिठ्ठीत काना होता. ठळक, मास्तरी. ‘विकार वाढलाय. तिला घेऊन लगेच ये.’ वहिनी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “विकरच न्हवं, भावजी?”

मी “व्हय” म्हणालो. आधी एकटा जाऊन बघून येतो, उगाच कशाला घाबरवा, असं मनाशी म्हटलं. भित्र्या माणसाला शहाणपणाची सबब लगेच सापडते. दुपारी दवाखान्यात पोचलो. गुरुजींनी माझ्या मागे दाराकडे बघितलं. “ती?” मी म्हणालो, उद्या येतायत. संध्याकाळी ते गेले.

वहिनींनी मला अजून काही विचारलेलं नाही. दर रविवारी पेपरची ही पुरवणी, जिच्यात मी हे लिहितोय, ती घेऊन त्या येतात, गुरुजी वाचायचे तसं मोठ्याने वाचा म्हणतात. आजही येतील. म्हणतील, “ह्यांच्यावर लिहिलंय म्हणं, भावजी. वाचा की.”

शेवटच्या चिठ्ठीतला काना येईल तिथे तो वाचेन की पुन्हा गाळेन, ठाऊक नाही.