सिरिल क्राउसनचं लपण

सिरिल क्राउसनने इंग्लंडातल्या आमच्या लिंकनशरच्या सखल मुलखात चाळीस वर्षं पोकलेन चालवलं. चरांतला गाळ उपसायचा, काठावर टाकायचा, पुढच्या चराकडे जायचं. आठवडाभर इंजिनाची धडधड ऐकून कंटाळलेला हा माणूस रविवारी बंदूक घेऊन शेताच्या कडेला जाळी-फांद्यांच्या लपणात जाऊन बसायचा. रानकबुतरं कोवळ्या पिकावर उतरली की दोन दिवसांत वाफे खराट्यासारखे करून टाकतात. त्यामुळे शेतकरीच त्याला बोलावणं धाडायचे.

नेम त्याचा बेताचाच होता. खरी कमाई म्हणजे त्याचं न हलणं. एकदा हिलरी ड्रिंग, जिच्या शेतात तो बसला होता ती, त्याला शोधत आली आणि कुंपणापाशी उभी राहून स्वतःशीच करवादली, "कुठे तडमडलाय हा थेरडा? घरी घोरत पडला असणार!"

तिच्या कोपराजवळच्या झुडपातून आवाज आला, "थेरडा इथेच आहे. जरा बाजूला हो पोरी, पाखरं येतायत."

हिलरी किंचाळली. पाखरं अर्थातच गेली. सिरिल त्यावरून आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

तो सत्तर वर्षांचा झाला त्या वसंतात त्याच्या बायकोचा, बेरिलचा, भाऊ रॉडनी, लेस्टर शहरातली नोकरी संपवून आमच्या गावात राहायला आला. एकटा जीव, बोलका, आणि हाताला काही काम नाही.

"त्याला नेत जा तुझ्याबरोबर," बेरिल म्हणाली.

"लपणात? त्यापेक्षा बँडवाला नेतो."

पण बेरिलपुढे कुणाचं चालत नाही. पहिल्याच रविवारी रॉडनी निळंशार जाकीट घालून आला. सिरिलने ते काढायला लावून त्याच्या अंगावर स्वतःचा जुना कोट चढवला. हिलरीच्या मटाराच्या शेतात नुकते कोंब वर आले होते. सिरिलने वाऱ्याकडे पाठ येईल असं लपण बांधलं, जाळीवर वेलींचे तुकडे खोवले आणि पुढे तीसेक पावलांवर बनावट कबुतरं घोड्याच्या नालेसारखी मांडली, मध्ये खऱ्यांना उतरायला जागा ठेवून. दोघं उलट्या बादल्यांवर बसले.

"सिरिल, त्यांना आपला वास येतो का रे?"

"नाही. आवाज येतो."

पाच मिनिटं शांततेत गेली. मग कुरकुर, कुरकुर. रॉडनी वेफर्स खात होता.

"रॉडनी, काय करतोयस?"

"हळूच खातोय."

"हळू वेफर्स अजून कुणी बनवलेले नाहीत! ठेव ते!"

त्या दिवशी कबुतरं झुंडीने आली. सरळ रेषेत आली, पंख आखडले, आणि साठ पावलांवर झपकन वळून गेली. सगळीच. पुढच्या रविवारीही तेच झालं. सिरिल रॉडनीच्या चष्म्यावर घसरला, मग त्याच्या गुडघ्यावर, मग खोकल्यावर. शेवटी त्याने फर्मान काढलं, "तोंड झाकायचं, हातमोजे घालायचे, मी सांगेपर्यंत पापणीसुद्धा हलवायची नाही."

रॉडनीने ते अक्षरशः पाळलं. कानावर माशी बसली तरी हलला नाही. तरी कबुतरं वळलीच.

मग जाळीची पाळी आली. ती चमकते म्हणून सिरिलने चिखलात बुडवली. बरोबर येणारी त्याची कुत्री शेपूट हलवते म्हणून तिला घरी ठेवली. बनावट कबुतरं फार गुळगुळीत दिसतात म्हणून त्यांना काजळी फासली, त्यात बेरिलच्या धुतलेल्या चादरीला हात पुसले. दरम्यान शेताचा एक कोपरा कबुतरांनी बोडका केला आणि हिलरीने तोंडावर विचारलं, "सिरिल, तुम्ही त्यांना मारताय का मेजवानी देताय?"

तो रागाने लाल झाला. त्या आठवड्यात आम्ही त्याच्या दारावरून जातानासुद्धा पलीकडच्या बाजूने जायचो.

चौथ्या रविवारी साडेदहाच्या सुमारास तीस-चाळीस कबुतरं पुन्हा साठ पावलांवरून फिरली, तेव्हा सिरिल बादलीला लाथ मारून उठला. "आता काय हललं? सांग ना! काय हललं?"

रॉडनीने आधी हातमोजे काढले. मग मुखवटा खाली ओढून म्हणाला, "तुझा हात, सिरिल."

"काय?"

"डावा. जाळीच्या काठीवर ठेवतोस तो. काठी थरथरते, मग सगळी जाळी थरथरते. पहिल्या दिवसापासून बघतोय."

"मग पहिल्याच दिवशी बोलला का नाहीस, गाढवा?"

"तूच म्हणालास, बोलायचं नाही."

सिरिलने त्याला तिथून हाकललं. गाडी सिरिलची, त्यामुळे रॉडनी दोन मैल चालत घरी गेला. सिरिल एकटाच बसला. त्याने डावा हात मांडीखाली दाबला, तेव्हा मांडीच हलायला लागली. त्याने हात कोटाच्या पट्ट्यात अडकवला, तेव्हा खांदा हलायला लागला. बेरिलला हे सगळं त्यानेच नंतर सांगितलं. म्हणाला, "चाळीस टनांचं पोकलेन इंचभर हलवायला सांग, हलवतो. आणि हा माझाच हात माझं ऐकत नाही!"

डॉक्टरांनी तपासून त्या कंपाला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि बंदुकीचं काय ते विचारलं. सिरिलने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी परवाना आणि बंदूक स्वतः पोलिसांत जमा करून आला. फक्त येताना रॉडनीच्या दारात गाडी थांबवली आणि आतूनच ओरडला, "बंदूक पोलिसांत दिली. रविवारी सातला तयार राहा. ते निळं जाकीट घातलंस तर चरात बुडवीन."

"पण बंदूक कुठे आहे तुझ्याकडे?"

"हिलरीकडे आहे. तिला बसता येत नाही, ते शिकवायचंय."

हिलरीकडे परवाना होता, बंदूक होती, फक्त धीर नव्हता. सिरिलने लपणाची जागा दाखवली, जाळी रॉडनीकडून बांधून घेतली आणि स्वतः चराच्या पलीकडे, गाडीत दुर्बीण घेऊन बसला. दुपारपर्यंत हिलरीने अकरा कबुतरं पाडली. ती रॉडनीला घेऊन खुशीत चर ओलांडून आली. तो काच खाली करून तिची वाटच बघत होता.

"तीस यायची पोरी, तीस! प्रत्येक वेळी तू दोन क्षण आधी उठतेस. आणि मान का वळवतेस? डोळे वळव! मान ही वळवायची वस्तू नाही!"

"सिरिल, अकरा पडली ना!"

"एकोणीस गेली ना!"

हिलरीने रॉडनीकडे बघितलं. रॉडनीने खांदे उडवले. सिरिल दार उघडून काठी टेकत उतरला आणि जाळीचा पश्चिमेकडचा कोपरा किती ढिला बांधलाय हे दाखवायला दोघांच्या पुढे चालू लागला.