रंगारी फादर

रंगारी परांचीवर चढला की त्याला हाक मारून उपयोग नसायचा. हात भिंतीवर चालायचा आणि मन कुठेतरी हुंदडायला गेलेलं असायचं. एकदा पिवळी सांगितलेली भिंत त्याने फिकट निळी करून ठेवली. मालकिणीने ती पुन्हा पिवळी करून घेतली, आणि घरी बायकोने वर चार शब्द सुनावले. "तुमचं लक्ष असतं कुठे?" ती विचारायची.

ती गेली तेव्हा लेकीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात रंगारी एकटाच राहिला. एक कप चहा करायचा आणि तो प्यायचाही विसरायचा. मनातल्या मनात बायकोशी बोलायचा, म्हणून त्याचं घर बाहेरून वाटायचं तितकं गप्प नव्हतं.

अशात त्याच्याच चर्चचं छत रंगवायचं काम निघालं. रंगारी भल्या सकाळी वर चढून पाठीवर पडायचा आणि छतावर ब्रश फिरवायचा. खाली वेदीच्या टेबलापाशी म्हातारे फादर रोजची मिस्सा, म्हणजे सकाळची उपासना, म्हणायचे. ऐकायला चार-पाच म्हाताऱ्या आणि कामावर जायच्या घाईतली एखादी नर्स. एके दिवशी फादरांनी भाकर उचलली आणि रंगाऱ्याचा ब्रश थांबला. साक्षात्कार वगैरे काही झाला नाही. त्याला एवढंच वाटलं, की आपण वर आहोत आणि आपली जागा खाली आहे, त्या टेबलाजवळ. रंग ठिबकून कपाळावर पडत राहिला, पण त्याला पत्ता नव्हता.

मिस्सा संपल्यावर तो खाली उतरला. "फादर, मला हे काम करायचंय."

"करतोयस की! छान चाललंय."

"रंगाचं नाही हो. तुमचं."

फादर खो खो हसले. मग त्याचा चेहरा बघून खुर्चीवर बसले. विधुराला पाद्री होता येतं, हे त्यांना माहीत होतं. पण या वयात पुस्तकं घेऊन बसायचं म्हणजे खायचं काम नव्हतं.

रंगाऱ्याने ते लेकीच्या घरी जाऊन सांगितलं. जावई बिचारा सूप पीत होता, त्याला ठसका लागला. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ते काही खोटं नाही," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती आणि दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायची. स्वतःचं मात्र तिने त्या दिवशी घट्ट मिटून घेतलं.

सेमिनरीत, पाद्री घडवणाऱ्या शाळेत, पोरगेल्या वयाची मुलं त्याला काका म्हणायची, परीक्षेआधी त्याला शिकवायची आणि त्याच्याकडून शर्टाची तुटलेली बटणं लावून घ्यायची. तत्त्वज्ञानाच्या तासाला तो खिडकीबाहेर बघत बसायचा. दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा सुटला. लेक सणावारी फोन करायची, "बरा आहेस ना?" विचारायची, आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत ठेवून द्यायची.

दीक्षेच्या दिवशी बिशपांसमोर तो पांढऱ्या झग्यात फरशीवर पालथा पडला. तशी रीतच असते. वर सगळं चर्च संतांची नावं गात होतं आणि प्रत्येक नावामागून लाट यावी तसं "आमच्यासाठी विनंती कर" येत होतं. फरशी गार होती. रंगाऱ्याचे डोळे मिटले. नावं लांब लांब जात राहिली आणि बायको शेजारी येऊन बसली, पदर सावरत. "अहो, छातीत सर्दी भरेल," ती म्हणाली. "भरू दे," तो म्हणाला. "आणि पोरीचं काय?" तिने विचारलं. तो उत्तर शोधत असतानाच कुणीतरी त्याच्या खांद्याला हात लावला. आळवणी संपली होती. बाकीचे केव्हाच उभे राहिले होते.

म्हाताऱ्या फादरांच्या हाताखालीच त्याची नेमणूक झाली. लोक त्याला रंगारी फादर म्हणू लागले. प्रवचन करताना मध्येच हरवायचा, लोक थांबायचे. आजाऱ्यांकडे गेला की बोलायचा कमी आणि बसायचा जास्त.

एका शनिवारी म्हातारे फादर तापाने पडले, म्हणून लोकांचं पापनिवेदन, म्हणजे पापांची कबुली, ऐकायला रंगारी बसला. लाकडी खोक्यात अंधार होता, जुन्या पॉलिशचा वास होता. जाळीपलीकडे कुणीतरी गुडघे टेकले आणि बोलण्याआधी एक लांब श्वास घेतला. तो श्वास त्याने लेकीच्या लहानपणापासून ऐकला होता.

"फादर, मला आशीर्वाद द्या. मी पाप केलंय."

घरी ती त्याला अरे-तुरे करायची. हे 'द्या' त्याला थंड पाण्यासारखं लागलं.

"बोला," तो म्हणाला.

"माझा वडिलांवर राग आहे. आई गेल्यावर मी त्यांच्यासाठी आतली खोली रिकामी केली होती. पलंग घेतला. पडदे शिवले. सांगितलं नाही, म्हटलं ते स्वतःहून विचारतील. ते आले, आणि म्हणाले, मी पाद्री होतोय." तिने नाक ओढलं. "दीक्षेच्या दिवशी ते जमिनीवर पडले होते ना, तेव्हा मी मनात म्हटलं, गेले. माझ्यापुरते गेले. तेच पाप."

रंगाऱ्याला जाळी फाडून पलीकडे जावंसं वाटलं. पण इथे तो तिचा बाप नव्हता, आणि पापनिवेदनात ऐकलेलं पाद्र्याने कधी बाहेर काढायचं नसतं. खोलीबद्दल त्याला आता कधीच काही विचारता येणार नव्हतं, कुणाला सांगता येणार नव्हतं.

"तुमचे वडील जरा आंधळेच दिसतात," तो शेवटी म्हणाला.

पलीकडून हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. "आहेतच. आधीपासून."

"देवाने तुम्हाला क्षमा केली. प्रायश्चित्त म्हणून नमो मरियाची एक प्रार्थना म्हणा." मग जाळीजवळ सरकून तो म्हणाला, "आणि त्यांच्यासाठीही एक म्हणा. त्यांना गरज आहे."

मग क्षमेचे शब्द म्हणत त्याने जाळीसमोर हवेत क्रूस काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी तो लेकीकडे जेवायला गेला. जावई क्रिकेटवर बोलत होता. रंगारी मान खाली घालून जेवत होता, चुकून आतल्या खोलीकडे नजर जायला नको म्हणून. त्याचं ते न बघणं लेकीने बघितलं.

"बाबा," ती ताटं उचलता उचलता म्हणाली, "थकलायस. आत पलंग आहे. पड जरा."

"चालेल?"

"चालेल म्हणजे काय? तुझ्यासाठीच घेतलाय तो."

तिने ते स्वतः सांगितलं, म्हणून आता त्याला ते ठाऊक असायला हरकत नव्हती. तो आत गेला. पडद्यांवर बारीक पानं होती आणि वारा आला की ती हलायची. पलीकडे भांड्यांचा आवाज, जावयाची अखंड बडबड, लेकीचं "हळू बोल, बाबा झोपलाय". तो झोपेत उतरत गेला, पायऱ्या नसलेल्या जिन्यावरून उतरावं तसा.

जाग आली ती तिच्या ओरडण्याने. "अरे बाबा, संध्याकाळची मिस्सा! वाजले किती बघ!"

मग एकच धांदल उडाली. बूट सापडेना, चष्मा सापडेना. लेकीने स्कूटर काढली. रंगारी फादर मागे बसला, झगा गुडघ्यापर्यंत गोळा करून. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक वाकून वाकून बघत होते.

"घट्ट धर," ती म्हणाली.

चर्चमध्ये लोक खोळंबले होते. तो धापा टाकत वेदीकडे गेला, केस उभे, गालावर उशीची घडी उमटलेली. लेक त्याला फक्त सोडायला आली होती. दारात क्षणभर घुटमळली, मग हेल्मेट मांडीवर घेऊन शेवटच्या बाकावर बसली.