शालनचा चहा

शालन पहिल्या दिवशी आली ती चपला काढायच्या आधीच भांडली. मी खाटेवर पडलेली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दवाखान्यातून नुकतीच घरी आले होते. मुलानं पुण्याला परत जाण्याआधी पेठ वडगावची ही बाई माझं सगळं करायला ठेवली होती. मी तिला म्हटलं, "मला कुणाची गरज न्हाय."

ती म्हणाली, "मग उठा. मी आल्या पावली माघारी जातो."

मला उठता येईना. "तोंड चालतंय, म्हंजे माणूस जित्तं हाय," असं म्हणून तिनं पदर खोचला.

तिच्या कामाला धड नावसुद्धा नाही. कुणी मावशी म्हणतं, कुणी आया, कुणी नुसतं 'ती बाई'. काम मात्र असं, की पोटच्या पोराला सांगता येत नाही. शौचाला भांडं द्यायचं, धुवायचं, अंग पुसायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची. नवरा गेल्यावर मी कांदा-लसूण चटणी विकून मुलगा शिकवला, कुणापुढे हात पसरला नाही. आता परक्या बाईपुढे उघडं व्हायचं होतं. मी डोळे मिटून घेतले. तर शालन विचारते, "आक्का, चटणीत धनं कच्चं घालता का भाजून?" मी सांगायला लागले. तीळ, खोबरं करत लसणापर्यंत येते तोवर तिचं काम आटोपलेलं असायचं आणि मी लाजायचं विसरलेली असायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. "काल सांगितलं की," म्हटलं तर म्हणायची, "डोस्क्यात ऱ्हात न्हाय. परत सांगा."

एक गोष्ट मला खुपत होती. ती माझ्या घरी चहा घेत नसे. शेजारची हिरा दोघींचा चहा करून आणायची. शालन माझा मला द्यायची आणि स्वतःचा कप तसाच हिराच्या हातात परत. "मालकिणीनं केला तर पितो. न्हाईतर नको." आमच्याकडे मीटर बघायला आलेला माणूसही चहाशिवाय जात नाही, आणि ही रोज संध्याकाळी कोरड्या तोंडानं वडगावला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसायची.

डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, वॉकर धरून चालायला लागा. मी आज पाय दुखतो, उद्या चक्कर येते, असं करत टाळलं. खरं म्हणजे परत पडायची भीती होती. मुलाचा फोन आला. "आई, दिवाळीला येतो. तोवर चालली नाहीस तर घराला कुलूप लावू आणि तुला पुण्याला आणतो." तो चांगल्या मनानंच म्हणाला. पण चौथ्या मजल्यावर बसून मी चटणी विकू कुणाला, आणि भांडू कुणाशी? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शालननं वॉकर खाटेला आणून टेकवला. "पुण्याला जावा की. लिफ्ट हाय, गरम पाणी हाय. मला दुसरं घर मिळंल."

"तू गप बस."

"बसतो. तसंबी ह्या घरात पावण्याला चहा कोण इचारतंय?"

मी उठले ती रागानं उठले. स्वयंपाकघर खाटेवरून दिसतं, पण त्या दिवशी कुणी ते वडगावला नेऊन ठेवल्यासारखं वाटलं. "अगं धर की," म्हटलं, तर मागून आवाज आला, "वॉकर धरलाय न्हवं?" ओट्याला पोट टेकवून गॅस पेटवला, आधण ठेवलं, साखर घातली. हिरा दारातून बघत होती. ती मला नंतर म्हणाली, "आक्का, शालन तुमच्या मागं दोन्ही हात पसरून हुबी हुती. नाकावर माशी बसली तरी हात खाली घेतला न्हाय."

शालननं चहा बशीत ओतून प्याला. "साखर लई झालिया," म्हणाली. आणि दुसरा कप मागितला.

दिवाळीला मुलगा आला, तेव्हा दार मीच उघडलं. कुलपाचं नाव निघालं नाही. तो डॉक्टरांना द्यायचे पेढे आणायला निघाला. द्यावेतच. त्यांनी हाड जोडलं, ते उपकार आहेतच. पण हाड जोडलेली बाई अंथरुणातच होती. मी म्हटलं, "शालनला बी एक पुडा आण."

"तिला पगार दिलाय की, आई."

"आन् डॉक्टरला फुकट राबवला व्हय?"

तो गेला आणि दोन पुडे घेऊन आला.

शालनच्या कामाच्या शेवटच्या दिवशी मी तिला चटणीची बरणी दिली. म्हटलं, "एवढ्यांदा सांगितली, आता घरी करून बघ."

"करायला येळ कुणाला हाय?" ती म्हणाली. "मी तर चटणी इकतच आणतो."

आता ती पुढच्या गल्लीत एका म्हाताऱ्याचं करते. जाता-येता माझ्याकडे डोकावते. कधी माझे गुडघे धरलेले असतात, मी आडवी असते. मी म्हणते, बस, हिराला चहा सांगते. शालन उंबऱ्यातच उभी राहते, चपला काढत नाही.

"ऱ्हाऊ दे आक्का. येतो मी."

"थांब," मी म्हणते, आणि उठते.