मिलिंददादाचं ठिगळ आज काढलं

मंडळी, आज ऑफिसात एक जुनी लायब्ररी बदलली. पुस्तकांची नव्हे हो! आमचं सॉफ्टवेअर ज्याच्यावर चालतं, तो दुसऱ्यांनी लिहिलेला कोड. जुन्या व्हर्जनमध्ये हॅकर शिरेल अशी फट सापडली आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

त्या लायब्ररीला मिलिंददादानं आपल्या कोडचं एक ठिगळ लावलेलं होतं. आमच्या हैदराबादच्या हिमायतनगरमधल्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. मागच्या वर्षी तो नोकरी सोडून गेला. ठिगळावर त्यानं मराठीतच लिहून ठेवलं होतं, कारण वाचणारी मी एकटीच: "राहू दे गं, हात लावू नकोस. लावलासच आणि काही बिघडलं, तर मला फोन कर."

नव्या व्हर्जनला ठिगळाची गरजच नव्हती. काढलं. त्याबरोबर ती ओळही गेली.

फोन हातात धरून टेस्ट चालवल्या. खरं सांगू? एखादी तरी फेल व्हावी असं वाटत होतं.

सगळ्या पास.

टीम लीडनं विचारलं, "कुछ टूटा क्या?"

"नै," म्हटलं. फोन पर्समध्ये टाकला.

नुसतं "कसा आहेस?" विचारायला फोन केला तर चालतं का हो हल्ली? की आधी काहीतरी बिघडावंच लागतं?