दार बंद ठेवावे

पुण्याहून निघताना मी भलताच खुशीत होतो. पेठ वडगावबाहेर वृद्धांसाठी बांधलेल्या बारा घरांचा आराखडा माझा होता. दाबलेल्या मातीच्या विटा, जाड भिंती, पांढरं छत. पंख्यावाचूनही उन्हाळा निघावा अशी घरं. एका स्पर्धेसाठी त्यांचे फोटो हवे होते.

वडगावच्या फाट्यावर उतरायचं सोडून मिसळीसाठी थेट कोल्हापूर गाठलं. कट (तिखट रस्सा) दोनदा मागून घ्यायचा शहाणपणा केला आणि वडगावच्या बसमध्ये नाक पुसत बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "पावणं, कुठलं?" मी घरांचं सगळं पुराण सांगितलं. ते म्हणाले, "मातीची? आन म्हातारी मानसं? बरं." मला ते अडाणी वाटले.

दुपारी पोचलो. बाराही दारं बंद. प्रत्येकावर माझ्याच शब्दांतली पाटी होती : 'गारवा टिकवण्यासाठी दिवसा दार बंद ठेवावे.' लोक ती पाळतात हे बघून मी खूश झालो.

पहिलं दार वाजवलं. आत माठाशेजारी असतो तसा गारवा. खाटेवर अक्काताई, बाजूला वॉकर. शेजारचे तात्या त्यांना चहा करून द्यायला आले होते. काय झालं म्हणून विचारलं.

"न्हाणीत पाय सरकला की," अक्काताई म्हणाल्या. "सकाळी पडलो. सांजच्याला दूधवाली आली तवा कळलं."

"हाका नाही मारल्यात?"

"घसा बसला मारून."

तात्या खाली बघत म्हणाले, "मी भिंतीपल्याड जेवत हुतो. कायबी ऐकू आलं न्हाई."

ती भिंत मी मुद्दाम जाड केली होती.

"गावात दिवसा दार कोन लावतंय?" तात्या सांगू लागले. "लागल्यालं दिसलं की कुनीबी आत जाऊन बघतंय. हितं समद्यांचीच लागल्याली. कुनाला काय कळनार?"

"मग उघडी का नाही ठेवलीत?"

"तुमीच लिवलंय की," अक्काताई म्हणाल्या. "शिकल्याल्या मानसानं लिवलंय म्हंजे कायतरी असंलच. पर घर ग्वाड हाय हं. लई गार."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तात्यांनी अर्धा चहा माझ्या हातात दिला. मला मान वर करवेना. भिंतीतून किती ऊन आत येतं ते मी मोजलं होतं, पण ही माणसं दिवसभर दार उघडं का ठेवतात, हे एकदाही विचारलं नव्हतं.

तात्यांकडून पेचकस मागून घेतला आणि बाराही पाट्या काढल्या. ते म्हणाले, "भोकं ऱ्हात्याल की." अक्काताईंचं दार मी उघडंच ठेवून निघालो. फोटो काढले नाहीत.

परतीच्या बसमध्ये स्पर्धेचा अर्ज उघडला. 'रहिवाशांचा अभिप्राय' या रकान्यात मी पुण्यातच, निघायच्या आधी, लिहून ठेवलं होतं : अत्यंत समाधानी. अक्काताईंना विचारलं असतं तर त्याही तेच म्हणाल्या असत्या. मी तो अर्ज फाडला.