फरशी ओली होती

माझ्या निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ देताना मालकाचा मुलगा म्हणाला, "यांच्या जिभेवर साखर आहे." टाळ्या पडल्या. मीही हात जोडून लाळघोटेपणानं हसलो.

सत्तरचं दशक सरताना मी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये सुपरवायझर होतो. माणसं बोलून कशी वळवावीत हे शिकवायला मालकानं नागपूरहून एक गृहस्थ आणले. घामेजलेला कोट, मजुराशी जन्मात बोलले नसावेत. "नुसतं सांगू नका, करून दाखवा," हे एकच वाक्य त्यांनी दिवसभर दळलं. मी मूर्खानं ते पाठ केलं.

उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी उकडलेलं धान सिमेंटच्या फरशीवर वाळत घालत आणि बाया ते अनवाणी पायांनी फिरवत. चपलेनं दाणा तुटतो, म्हणून चप्पल बंद. त्या मे महिन्यात बायांनी भर दुपारी फरशीवर उतरायला नकार दिला आणि फाटकाशी जाऊन बसल्या. मालक पंख्याखालून ओरडला, "शिकलास ना बोलायला? मग बोल!"

मी हौदाजवळचा कोपरा चौकीदाराकडून बादल्यांनी भिजवून घेतला, वर पातळ धान पसरलं आणि बायांना बोलावलं. "एवढी तापली असती तर मी चाललो असतो का?" असं म्हणत, पायजमा वर धरून त्या कोपऱ्यात फेऱ्या मारल्या. तोंड असं, जणू प्रदक्षिणाच घालतोय.

"बाबूजी चालून राहिले, मंग आपल्याले काय झालं?" म्हणत बाया लांबच्या टोकाला कामाला लागल्या. त्यांना फाटकाशी नेऊन बसवणारी, आंबागडहून येणारी बाई तेवढी माझ्या कोपऱ्यात शिरली.

"अवो, इकडं या! थंडी हाय फरशी! पानी टाकलं यानं!"

हातची ओळ संपवून बाया येईपर्यंत उन्हानं कोपरा कोरडा केला होता. एकीनं पाय टेकवला आणि चटकन उचलला.

"काहून वो, भर उन्हात तुलेच थंडी वाजून राहिली?"

सगळ्या हसल्या. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी साऱ्यांच्याच तळव्यांना फोड होते. पण 'थंडीवाली' हे नाव तिला चिकटलं आणि थोड्याच दिवसांत तिनं मिल सोडली. मी मॅनेजर झालो. पुढे नव्या कारकुनांना बोलण्याची कला शिकवताना हीच गोष्ट सांगायचो, बादल्या वगळून.

आंबागडात तिच्या घरचं कुणी असेल, तर त्यांनी हे वाचावं. फरशी ओली होती. तुमची बाई खरं बोलत होती.